रविवार पाळणारी पंचिंग बॅग

“आधी ऐक, अल्मी. मग मार.”

या जगात आल्यावर मी ऐकलेले हे पहिले शब्द. मला कान नाहीत हे खरे, पण आवाज मला अंगभर कळतो. अजूनही कोणी जवळून हलक्या आवाजात बोलले की मला वाटते, आता तेच वाक्य येणार.

मित्रांनो, मी एक जुनी पंचिंग बॅग आहे. तालमीत पैलवान ज्या भल्यामोठ्या पोत्यावर गुद्दे मारतात, ते पोते मी नव्हे. मी लहान आहे. वर निमुळती, खाली गोल, टपकण्याच्या बेतात असलेल्या थेंबासारखी. माझ्या पोटात एक रबरी फुगा आहे आणि पोट बंद करायला बुटाला असते तशी नाडी. डोक्यावरच्या फिरकीने मला एका गोल लाकडी फळीखाली टांगतात. ठोसा बसला की मी मागे जाऊन फळीवर आपटते, पुढे येऊन आपटते, पुन्हा मागे जाऊन आपटते आणि मगच हाताशी येते. एका ठोशाला तीन ठोके. मारणारा हात शिकलेला असेल तर ते ठोके एकमेकांत मिसळून जातात आणि ताशा कडकडावा तसा नाद उठतो. डोळ्यांना मी दिसतसुद्धा नाही. म्हणून माझ्यासमोर उभे राहणाऱ्याने बघण्यापेक्षा ऐकावे लागते.

मला इनॉक व्हीडर यांनी शिवले. अमेरिकेतल्या ग्लव्हर्सव्हिल गावात त्यांचे खोगीर आणि लगामांचे दुकान होते. आमचे सगळे गावच चामड्यावर जगणारे. घरोघरी बायका हातमोजे शिवत, आणि ओढ्याचे पाणी आज कोणत्या रंगाचे आहे यावरून लोक सांगत की वरच्या अंगाला आज कोणते कातडे कमावत आहेत. एका बिथरलेल्या घोडीने लाथ मारल्यापासून इनॉक काठी घेऊन चालत. सकाळी दुकानात आले की ते पाटाशी गुडघे टेकत, डोळे मिटून प्रार्थना म्हणत आणि मगच सुईला हात लावत. या नेमात कधी खंड पडला नाही. ज्या बकऱ्याचे कातडे माझ्या अंगावर आहे, त्याच्यासाठीही त्या प्रार्थनेत दोन शब्द असत. ते मला फार बरे वाटे.

खरे तर मला चर्चच्या व्यायामशाळेसाठी शिवले होते. त्या काळी गावोगावच्या चर्चमध्ये तरुणांसाठी व्यायामशाळा निघत होत्या, आणि पाद्रीसुद्धा कोट काढून पिशवीवर चार हात मारून घेत. माणसावर मूठ उगारणे वाईट, पण पिशवीवर उगारली तर तो व्यायाम. इनॉक म्हणत, “पिशवीला राग येत नाही, म्हणून मारणाऱ्याचाही टिकत नाही.”

शिवलेली प्रत्येक पिशवी दुकानातल्या फळीखाली टांगून वाजवून बघायची असे. ते काम त्यांच्या लेकीचे, अल्मायराचे. आई नसलेली पोर, दुकानातच वाढलेली. तिचा हात फळीपर्यंत पोहोचत नसे, म्हणून ती खिळ्यांच्या खोक्यावर उभी राही.

“आधी ऐक, अल्मी. मग मार. टाका सैल असला तर ठोका फाटका येतो.”

“तीन ठोके मध्येच हरवतात, बाबा. कसे लक्षात ठेवू?”

“मी दुकानात येतो तेव्हा ऐकतेस ना? काठी, पाऊल, पाऊल. तेच धर.”

तिने ते धरले. त्या दिवशी मी तिच्या हाताखाली अशी वाजले की समोरचा लोहार काम टाकून दारात येऊन उभा राहिला.

“ही द्यायची नाही, बाबा,” ती म्हणाली.

“विकायला शिवली आहे ती.”

“मग मला विका. मी रोज सकाळी दुकान झाडीन.”

“ते तू झाडतेसच.”

“आता न कुरकुरता झाडीन.”

इनॉक हसले. व्यायामशाळेसाठी त्यांनी दुसरी पिशवी शिवली, आणि मी घरची झाले.

आता तुम्हाला वाटेल, पिशवीवर ठोसे मारण्यात बघण्यासारखे ते काय? मित्रांनो, सुरुवातीला कोणालाच तसे वाटले नव्हते. आम्ही होतो मुष्टियोद्ध्यांच्या सरावासाठी. पण झुंजीपेक्षा सराव बघायलाच लोक जास्त जमू लागले. सरावात कोणाचा दात पडत नाही, रक्त येत नाही, आणि नाद मात्र असा की पाय आपोआप हलायला लागावेत. मग योद्धे गावोगाव नुसती पिशवी घेऊन फिरू लागले. त्यांच्यामागून असे लोक आले ज्यांनी आयुष्यात कोणाला चापटसुद्धा मारली नव्हती. ते मुठीने वाजवत, कोपराने वाजवत, कपाळाने वाजवत, एका वेळी अनेक पिशव्या वाजवत. पाठोपाठ बायकाही आल्या. रंगमंचावर जादूगार आणि कसरतपटू यांच्या पंगतीला आम्हीही जाऊन बसलो.

अल्मायराला हा खेळ फिरत्या नाटकमंडळ्यांच्या जाहिरातीत दिसला आणि तिचे मन दुकानात रमेना. इनॉक यांना थिएटर म्हणजे सैतानाची ओसरी वाटे. किती दिवस बापलेक जेवताना एकमेकांशी बोलत नव्हते, फक्त मीठ मागत होते. शेवटी एका संध्याकाळी ते आपणहून बोलले.

“जाणार म्हणजे जाणारच?”

“पिशवी तीच आहे, बाबा. फळी तीच. फक्त बघणारे जास्त.”

“बघणाऱ्यांचीच भीती आहे.” त्यांनी मला फिरकीवरून उतरवले आणि हातात धरून ठेवले. “मला एक शब्द दे. रविवारी हिला हात लावायचा नाही. कोणी मालक ओरडू दे, हाकलून देऊ दे. देवाचा दिवस तो देवाचा.”

“दिला,” अल्मायरा म्हणाली. “आणि तुम्ही?”

“मी काय?”

“तुम्हीही द्या. एकदा मला बघायला यायचं. मागच्या दारानं गुपचूप नाही. पुढच्या दारानं, तिकीट काढून, सगळ्यांसारखं खुर्चीत बसून.”

इनॉक यांनी घसा खाकरला. मग चामडे टोचायची आरी पुसली. आरी स्वच्छच होती. “येईन,” ते म्हणाले. “एकदा.”

मित्रांनो, दोन शब्द दिले गेले आणि दोन्हींच्या मध्ये मी होते.

मग आमचे फिरणे सुरू झाले. रेल्वे, भाड्याची खोली, थिएटर, पुन्हा रेल्वे. माझ्या जोडीला आणखी तीन पिशव्या आल्या, प्रत्येकीचा सूर वेगळा. मुख्य सूर माझा, मी नसले तर खेळच अडे. आमचा खेळ नेहमी सगळ्यांत पहिला असे. लोक अजून आत येत असतात, खुर्च्या आपटत असतात, शेंगदाण्याच्या पुड्या सोडत असतात, तेव्हा रंगमंचावर बोलणारा माणूस वाया जातो. आमच्या खेळात शब्दच नव्हते. अल्मायरा पांढरा सदरा आणि साधा काळा घागरा घालून येई, फळीकडे बघून मान किंचित लववी आणि सुरू होई. हळूहळू शेंगदाण्यांचा आवाज थांबे. शेवटी ती डोळ्यांवर रुमाल बांधी, वादक वाद्ये खाली ठेवत, आणि त्या मोठ्या अंधाऱ्या थिएटरात फक्त आम्ही चौघी वाजत राहू. ते सुख काय सांगू! वर्तमानपत्रांनी लिहिले, राज्यपालाच्या बायकोने हात हातात घेतला. पण अल्मायराला सवय एकच. पडदा पडला की ती आधी माझे टाके चाचपून बघे, मग स्वतःच्या दुखऱ्या बोटांकडे.

आणि रविवारी? शनिवारचा खेळ संपला की ती माझी नाडी सैल करी, हवा सोडून देई आणि मला मऊ फडक्यात गुंडाळून ठेवी. सोमवार सकाळपर्यंत मी निवांत पडून राही. रबराला विश्रांती मिळाली की ते टिकते. मला वाटते, त्या दिवसाने अल्मायराही टिकली.

इनॉक मात्र आले नाहीत. एकदा गुडघा दुखत होता, एकदा बर्फ फार होते, एकदा खोगिरांची घाई होती. अल्मायरा गावोगावच्या थिएटरची चित्रकार्डे पाठवी. एका उन्हाळ्यात आम्ही घरी गेलो तेव्हा ती सगळी दुकानाच्या भिंतीवर ओळीने लावलेली दिसली. तिचे अक्षर बाहेर आणि थिएटरचे चित्र भिंतीकडे. अल्मायरा खूप हसली. मग एकेका कार्डावरून बोट फिरवत राहिली.

इथे थांबून मी माझे नंतरचे हाल सांगून टाकते, म्हणजे गोष्टीचा शेवट त्याने कडू होणार नाही. पुढे पडद्यावर हलणारी चित्रे आली. लोक ती बघायला धावले, आणि पहिल्यांदा गळला तो आमच्यासारखा पहिला खेळ. अल्मायरा म्हातारी होऊन गेली. मी त्याच चर्चच्या तळघरात एका खिळ्याला लटकत राहिले, जिथे मुळात जायची होते. पोटातले रबर विरले. ओलीने कातडे कडक झाले. एका हिवाळ्यात मला दार उघडे राहावे म्हणून दारात ठेवले होते. माझ्या पोटात उंदराने पिल्ले घातली तेव्हा, खरे सांगते, मला बरेच वाटले, कोणीतरी राहायला आले. मग अलीकडे तिथल्या एका शिक्षिकेने मला झटकले, तेल लावले आणि उन्हात ठेवले. एवढेच हवे होते. मित्रांनो, तुमच्या घरातही एखादी वस्तू अशी खिळ्याला असेल. तिला फेकू नका आणि नुसती जपूनही ठेवू नका. अधूनमधून हातात घ्या, पुसा, तिला कोणी घडवले ते विचारा. आणि तिच्याकडून रोज काम घेत असाल तर एक दिवस तिचा श्वास सोडून तिला पडू द्या. माझे रडगाणे संपले.

आता लोवेलची गोष्ट.

लोवेल हे सूतगिरण्यांचे गाव. तिथल्या थिएटरात आमचा दोन आठवड्यांचा मुक्काम होता. मालक ग्रोगनसाहेब म्हणजे मोठा देह, मोठी अंगठी आणि तरुणपणी आपण मुष्टियोद्धे होतो असे रोज सांगायची सवय. पहिला आठवडा छान गेला. शनिवारी दुपारी ते विंगेतून आले. अल्मायरा माझी नाडी आवळत होती आणि डेलहंटी नावाचा रंगमंचाचा सुतार आमच्या चौकटीचे खिळे ठोकत होता.

“उद्या संध्याकाळी पवित्र संगीतसभा,” ग्रोगनसाहेब म्हणाले. “तुझं नाव जाहिरातीच्या कागदावर छापलंय.”

त्या राज्यात रविवारी नाटक, नाच, कसरत यांना बंदी होती. फक्त भक्तिसंगीत चाले. म्हणून सगळी थिएटरे रविवारी ‘पवित्र संगीतसभा’ करत. शनिवारचा विदूषक रविवारी लांब काळा कोट घालून येई आणि तेच विनोद जरा सावकाश सांगे.

“मी रविवारी खेळ करत नाही, मिस्टर ग्रोगन. पहिल्या दिवशीच सांगितलं होतं.”

“खेळ कोण म्हणतंय? ठोसा म्हणायचं नाही, ताल म्हणायचं. वादक भजन वाजवणार, तू ताल धरणार. पोलिसाची तालाबद्दल काही तक्रार नाही.”

“मला पोलिसाची भीती नाही. माझा रविवार आहे.”

“सगळ्यांचाच रविवार आहे, बाई! म्हणून तर माझं थिएटर भरतं.”

“ते बाहेर थंडी आहे म्हणून भरतं, साहेब,” डेलहंटी तोंडातला खिळा काढून म्हणाला. “आत शेगडी आहे.”

“तू खिळे ठोक!” ग्रोगनसाहेबांनी आवाज खाली आणला. तो खाली आणलेला आवाज मला ओरडण्यापेक्षा वाईट वाटला. “ऐक. उद्या पिशवी वाजली नाही, तर सोमवारी तुझं सामान रस्त्यावर. आणि पुढच्या प्रत्येक गावातल्या मालकाला मी कळवीन की ही बाई ऐन वेळी पाय मागे घेते. मग घरी जा आणि खोगिरं शिव.”

ते गेले. रात्रीचा खेळ संपल्यावर अल्मायराने माझी नाडी सोडली, हवा जाऊ दिली, मला फडक्यात गुंडाळून पेटीत ठेवले. तिचे हात थंड होते. रंगमंच गेला तर तिच्या कलेला दुसरे घर नव्हते, हे तिलाही ठाऊक होते आणि मलाही.

“काय करणार, बाईसाहेब?” डेलहंटीने विचारले.

“उद्या सकाळी प्रार्थनेला जाणार,” ती म्हणाली. “संध्याकाळीही जाणार. मग सामान बांधणार.”

रविवारी संध्याकाळी पेटी उघडली तेव्हा मला वाटले तीच आली. पण हात जाड होते. अंगठीचे होते. कागदावर नाव छापले होते, लोक जमले होते, तेव्हा ग्रोगनसाहेबांनी ठरवले की त्यात काय मोठे, आपणच ताल धरू. त्यांनी माझ्यात हवा भरली. भरतच राहिले. नवशिक्यांची ही चूक ठरलेली. त्यांना वाटते पिशवी जितकी टणक तितकी चांगली. माझे टाके करकरायला लागले.

पडदा वर गेला. वादकांनी भजन सुरू केले. मी फळीखालून समोर बघितले, आणि तिसऱ्या रांगेत, मित्रांनो, दोन गुडघ्यांमध्ये काठी धरून, डोळे मिटून, मोठ्याने भजन म्हणत इनॉक व्हीडर बसले होते.

ग्रोगनसाहेबांनी मारले. ऐकले नाही, नुसतेच मारले. मी जाऊन आपटले आणि दगडासारखी परत आले, ती थेट त्यांच्या नाकावर. लोक हसले. त्यांनी चिडून पुन्हा मारले. अंगठी माझ्या शिवणीत अडकली, शिवण उसवली, आतला फुगा फाटला, आणि भजनाच्या सगळ्यांत शांत ओळीवर माझ्या पोटातून असा एक लांबलचक आवाज निघाला की तो इथे लिहायला मला संकोच वाटतो. सगळे थिएटर गडगडून हसले. मागे उभा असलेला पोलीसही हसला, मग त्याला आपण कोण ते आठवले. एकटे इनॉक ओळ पुरी होईपर्यंत गात राहिले. मग त्यांनी डोळे उघडले आणि मला ओळखले.

डेलहंटीने मला उतरवून विंगेत आणले. अल्मायरा प्रार्थनेहून सामान बांधायला आली होती आणि हा हशा कसला म्हणून तिथेच थबकली होती. माझी अवस्था बघून तिने तोंडावर हात धरला. तेवढ्यात बाजूच्या जिन्यावर आवाज आला. काठी, पाऊल, पाऊल. तिने मान वळवण्याआधीच म्हटले, “बाबा?”

इनॉक यांची टोपी हातात होती. ते तिच्याकडे बघत राहिले.

“कालच आलो,” ते म्हणाले. “रविवारी प्रवास नको म्हणून. संध्याकाळी इथल्या दारापर्यंत पोहोचलो. खिडकीतल्या माणसानं विचारलं, किती तिकिटं? मी म्हटलं, वाजले किती? आणि परत फिरलो. फिरता फिरता बाहेरचा कागद वाचला. रविवार, पवित्र संगीतसभा. म्हटलं, देवाचं नाव आहे, इथं बसायला हरकत नाही. आणि खाली वाचलं तर तुझं नाव. रात्रभर डोळ्याला डोळा नाही, पोरी.”

“बाबा, ते नाव...”

“थांब. आलो, बसलो. पहिल्यांदा काळ्या कोटातला एक जण आला, त्यानं सासूची गोष्ट सांगितली. मला वाटलं उपदेश आहे. शेवटी काय शिकवतो म्हणून वाट बघत बसलो. त्यानं काहीच शिकवलं नाही. मग तुझं नाव पुकारलं. मी डोळे मिटून घेतले. उघडायची छाती होईना. तू कुठे होतीस?”

“प्रार्थनेला.”

“इथं नाव छापलेलं असताना?”

“आज रविवार आहे, बाबा.”

इनॉक आमच्या पेटीवर बसले. मग शनिवारी रात्री नाडी सैल केल्यावर मी सोडते तसा त्यांनी श्वास सोडला. त्यांचे खांदे खाली आले, काठीवरची मूठ सुटली.

“डोळे उघडल्यावर त्या गृहस्थाचं सुजलेलं नाक दिसलं ना,” ते म्हणाले, “तेव्हा मी देवाचे आभार मानले. ती तू नव्हतीस म्हणून. हे पाप असलं तर असू दे.”

अल्मायरा हसता हसता रडली. डेलहंटी उगीचच दुसरीकडे बघत खिळे गोळा करू लागला.

नाकाला ओले फडके लावून ग्रोगनसाहेब आले. “ही असली पिशवी! कोणी शिवली ही?”

“मी,” इनॉक म्हणाले.

“मग नीट शिवायची!”

“हवा जास्त भरली होतीत. आणि अंगठी घालून मारायचं नसतं.”

“आणि नाकानं थांबवायचं नसतं,” डेलहंटी पुटपुटला.

ग्रोगनसाहेबांनी त्याच्याकडे बघितले, अल्मायराकडे बघितले, आणि मग ज्यासाठी आले होते ते मनाविरुद्ध बोलून टाकले. “बाहेर लोक विचारतायत, पिशवी उद्या आहे का म्हणून. आणि उद्या दुपारी पहिल्या खेळाला माझ्याकडे दुसरं कोणी नाही. पिशवी धड असेल आणि तू वाजवलीस, तर मुक्काम पुरा कर. नसेल, तर संध्याकाळची गाडी. मालकांना कळवायचं ते मी तेव्हा ठरवीन.”

ते गेल्यावर अल्मायराने मला मांडीवर घेतले. उसवलेल्या शिवणीतून तिची बोटे आत गेली. इनॉक यांनी हे बघितले, आणि मित्रांनो, मी कधी बघितले नव्हते ते मला दिसले. त्यांचा हात कोटाच्या खिशात गेला आणि आरी घेऊन बाहेर आला. रविवारी! “इथं दिवा आहे तोवर...” ते म्हणाले. “तुझं सगळं उद्यावर आहे, अल्मी.”

अल्मायराने त्यांची मूठ आपल्या दोन्ही हातांनी मिटवली, आरीसकट.

“सकाळी, बाबा,” ती म्हणाली. “सकाळीसुद्धा ती फाटलेलीच असेल. कुठे जात नाही.”

इनॉक मला आपल्या भाड्याच्या खोलीवर घेऊन गेले आणि खिडकीच्या कट्ट्यावर ठेवले. मी रिकाम्या पोटाने तिथे पडून होते, पण माझ्या मनात कसलीही धाकधूक नव्हती.

सोमवारी गिरण्यांचे भोंगे वाजायच्या आधी ते उठले. खाटेशी गुडघे टेकले. प्रार्थनेत त्या बकऱ्याचेही नाव आले. मग खिडकीशी बसून त्यांनी फुग्याला ठिगळ चिकटवले, सुकेपर्यंत दोन बोटांत दाबून धरले. दोरा सुईत जाईना. त्यांनी तो जिभेने ओला केला, पुन्हा ओला केला, आणि तो गेला. आरी कातड्याला लागली की हात मात्र चुकत नसे. माझे जुने टाके त्यांनी बोटांनी शोधले आणि नवे त्यांच्या शेजारी बसवले. शेवटी नळी तोंडात धरून त्यांनी आपल्या श्वासाने मला भरले, थोडीशीच, हवी तेवढीच. बोटाच्या पेराने एकदा टकटक केले. कान लावला. ऐकले.

मग त्यांनी कोटाच्या बाहीने टोपी घासली, मला काखेत घेतले आणि खाली उतरले.

घरमालकीण मिसेस थिबोडो ओट्याशी होती. “चाललात का, मिस्टर व्हीडर? स्टेशन डावीकडे बरं का.”

“स्टेशनला नाही. थिएटरला.”

“आत्ता? ते दुपारी उघडतं. आणि सामान द्यायचं असेल तर मागचं दार आहे, गल्लीतून.”

“मला पुढचं हवंय.”

“पुढच्या दाराला तिकीट लागतं!”

“हो,” इनॉक म्हणाले. “तसंच ठरलंय.”

तिने विचारले, निदान कॉफी तरी? त्यांनी मान हलवली. पायाला वेळ लागतो, ते म्हणाले, आणि उशीर आधीच फार झाला आहे. दार त्यांनी आवाज न करता ओढून घेतले. रस्त्यावर अजून कोणी नव्हते. त्यांच्या काखेत, त्यांच्याच श्वासाने भरलेली मी, अंगभर ऐकत होते.

काठी, पाऊल, पाऊल. काठी, पाऊल, पाऊल.